पंकजाबाईंची लॉरी, कल्याणरामांचं लोळणं

कुंभकोणम्‌मध्ये लग्न ठरलं की लोक आधी मुहूर्त बघतात, मग मंडप बघतात आणि मग पंकजाबाईंना फोन करतात. माणूस मावेल एवढे हंडे, पराती, झारे, इडलीची भांडी, ताक घुसळायच्या रव्या, सगळं भाड्याने देण्याचं दुकान त्यांच्या वडिलांचं. वडील गेले तेव्हा दुकान एकुलत्या एका लेकीकडे आलं. पाठोपाठ लॉरीचा ड्रायव्हर आखातात नोकरीला गेला. नवा ड्रायव्हर मिळेपर्यंत म्हणून पंकजाबाई कावेरीच्या कोरड्या पात्रात लॉरी चालवायला शिकल्या, आणि मग नवा ड्रायव्हर त्यांनी कधी शोधलाच नाही. साडीचा पदर कमरेला खोचून, शेजारी पाण्याची बाटली आणि खारे शेंगदाणे ठेवून बाई निघाली की रस्त्यावरचे बसवाले आपण होऊन बाजूला होत.

त्या म्हणायच्या, हे रक्तातच आहे. त्यांचे कोणी पूर्वज तंजावरच्या राजवाड्यात पागेवर होते. पागेवर म्हणजे नेमके कशावर, हे मात्र घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. घोडे फिरवत असतील किंवा नुसतं गवत कापत असतील. पंकजाबाईंच्या सांगण्यात ते दर वर्षी एकेक पायरी वर चढत होते आणि अलीकडे ते सरदार होऊ घातले होते.

घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ, हा त्यांच्या घरचा रिवाज तीनशे वर्षांचा. एकदा पुण्याहून आलेल्या एका पाहुण्याने त्यांचं बोलणं ऐकून सांगितलं की तुमची मराठी फार जुनी वाटते. पंकजाबाई म्हणाल्या, तुमची आम्हाला फार घाईची वाटते. आणि त्याला आणखी एक वाटी पिठलं वाढलं.

त्यांचे यजमान कल्याणराम हे शाळेतून निवृत्त झालेले गणिताचे मास्तर. माणूस सज्जन, पण चाकांशी त्यांचं वैर होतं. बसमध्ये बसले की त्यांना मळमळायचं, रिक्षात बसले की घाम फुटायचा, आणि बायकोच्या लॉरीत ते लग्नानंतर एकदाच बसले होते, तेही लॉरी उभी असताना. पण रोज सकाळी ती निघाली की ते बाहेर येत, खिडकीतून हात घालत, तिचा सीटबेल्ट ओढून बघत आणि मगच आत जाऊन पेपर उघडत. पंकजाबाईंना या प्रकाराचा मनापासून वैताग यायचा. मी काय पोतं आहे का बांधायला, असं त्या रोज म्हणत आणि रोज बांधून घेत.

त्या वर्षी कार्तिक महिन्यात पाऊस जाता जात नव्हता. मरुदानल्लूरच्या भजनमठात उत्सव होता आणि दुपारच्या पंगतीची भांडी सकाळीच पोचवायची होती. लॉरीत हंडे, पराती आणि वर रचलेले कोहळे, कारण मठाच्या स्वयंपाक्याने येताना तेवढे आणा म्हणून गळ घातली होती. गावाच्या अलीकडे रस्ता पाइपांसाठी खणून ठेवलेला. वळसा घालून जायचं तर पंगत उठायची वेळ व्हायची. पंकजाबाईंनी एकदा खड्ड्याकडे पाहिलं, एकदा कालव्याच्या बांधाकडे पाहिलं आणि लॉरी बांधावर घातली. बांधावरून बैलगाड्या जातात, ट्रॅक्टर जातात, मग मी का नाही, एवढाच त्यांचा हिशोब होता.

बांध निम्म्यापर्यंत चांगला वागला. मग डाव्या चाकाखालची माती गेली. लॉरी जरा वाकली, क्षणभर तशीच उभी राहिली, जणू विचार करत होती, आणि मग शेताच्या बाजूला लोळायला लागली. पंकजाबाईंच्या डोक्यावरून शेत गेलं, पायाखालून आभाळ गेलं, पुन्हा शेत आलं. मागे हंड्यांचा असा नाद उठला, जणू देवळातल्या सगळ्या घंटा कुणी एकदम सोडून दिल्यात. मग सगळं थांबलं. लॉरी भाताच्या चिखलात चाकं वर करून पडली होती आणि पंकजाबाई पट्ट्याला उलट्या लटकत होत्या. समोरची काच नव्हतीच. त्या रिकाम्या चौकटीतून त्यांना उलटं शेत दिसत होतं आणि शेतातून सर्वांत मोठा हंडा एकटाच गडगडत कालव्याकडे निघाला होता. त्याच्यामागे कोहळे. एकामागून एक, शिस्तीत.

ते बघून त्यांना हसू फुटलं. खांद्यात कळ येत होती, कपाळावरून काहीतरी गरम उलट्या दिशेने केसांत जात होतं, आणि बाई हसत होत्या. रोपं लावणाऱ्या बायका आणि दोन-चार माणसं धावत आली. अम्मा, जिवंत आहात का, असं त्यांनी तमिळमध्ये विचारलं. पंकजाबाईंनी उत्तर दिलं, पण उलटं लटकताना उंबऱ्याच्या आतलं काय आणि बाहेरचं काय, याचा त्यांच्या डोक्यात घोळ झाला असावा.

"हंडा धरा, हंडा. मठांत माणसें उपाशीं बसतील."

हे सगळं अस्सल घरच्या मराठीत. माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. डोक्याला मार लागलाय, काहीतरी भलतंच बरळतेय, असं ठरवून त्यांनी तिला फार जपून बाहेर काढलं. इस्पितळातही तेच झालं. तरुण डॉक्टर तमिळमध्ये नाव विचारत होता, बाई मराठीत कोहळ्यांची चौकशी करत होत्या आणि मधेच हसत होत्या. डॉक्टरांनी डोक्याचे फोटो काढायला सांगितले. शेवटी कल्याणरामांची मोठी बहीण, चोळपुरम्‌च्या नागलक्ष्मी अक्का, धापा टाकत पोचल्या आणि त्यांनी सांगितलं की ही बरळत नाहीये, ही नेहमी अशीच बोलते.

मार मोठा नव्हता, पण छोटाही नव्हता. डावीकडचं हासळीचं हाड मोडलं होतं, बरगड्या ठेचल्या होत्या, कपाळाला टाके पडले होते. पट्टा नसता तर काय झालं असतं, ते डॉक्टरांनी कल्याणरामांना समजावून सांगितलं. ते त्यांनी सांगायला नको होतं. मास्तर भिंतीला धरून खाली बसले. भांडी मात्र त्या शेतातल्या माणसांनी ट्रॅक्टरवर घालून मठात पोचवली, आणि पोचे आलेल्या हंड्यांतच त्या दिवशीचा सांबारभात झाला. हे कळलं तेव्हा पंकजाबाईंना खऱ्या अर्थाने बरं वाटायला लागलं.

आता नवसाची गोष्ट. तिकडच्या माणसाचा जीव टांगणीला लागला की तो देवाशी बोलून टाकतो, आणि बहुतेक वेळा दुसऱ्याच्या अंगावर बोलतो. नागलक्ष्मी अक्कांनी इस्पितळाच्या व्हरांड्यात उभं राहून आपल्या चोळपुरम्‌च्या मारीअम्मन देवीला कबूल केलं होतं की पंकजा वाचली तर ती तुझ्याभोवती अंगप्रदक्षिणा घालील. म्हणजे ओल्या कपड्यांनी, हात डोक्यावर जोडून, देवळाभोवती जमिनीवर लोळत जायचं. लॉरीसकट लोळून आलेल्या बाईसाठी पुन्हा लोळण्याचाच नवस. पंकजाबाईंना हे अंथरुणात कळलं तेव्हा त्या इतक्या हसल्या की बरगड्यांनी तक्रार केली. त्या अक्कांना म्हणाल्या की माझं एकदा लोळून झालंय, तेच खात्यात धरता येतं का ते अम्मनला विचारा. अक्कांना विनोद फारसा पटला नाही.

त्या दिवसांत पंकजाबाईंना सगळ्याचंच हसू येत होतं. कॉफी कॉफीसारखी लागते याचं, कावळा खिडकीत येतो याचं, मास्तर कुकरच्या शिट्ट्या मोजताना चुकतात याचं. आपण आहोत, ही गोष्ट त्यांना दिवसातून दहादा नव्याने कळायची आणि दरवेळी गुदगुल्या करायची. भेटायला येणारे रडवेला चेहरा करून येत आणि पोट धरून परत जात. पण हसण्याखाली एकच गोष्ट त्या धरून होत्या. लॉरी दुरुस्त होऊन येणार आणि मी ती चालवणार. हे नसेल तर वाचून काय करायचं, असं त्या स्वतःशी स्पष्ट म्हणत. मास्तरांसमोर लॉरीचं नाव काढलं की ते तुळशीला पाणी घालायला जात. त्या महिन्यात तुळस कुजायची तेवढी राहिली.

आणि एक गोष्ट बाईंनी कुणालाच सांगितली नव्हती. सकाळी कुशीवर वळलं की खोली फिरायची. पंखा भिंतीवर यायचा, भिंत जमिनीवर, आणि त्या पलंगाची कड घट्ट धरून, डोळे एका खिळ्यावर लावून सगळं जागेवर यायची वाट बघायच्या. तेवढ्या वेळात हसूबिसू काही यायचं नाही. भीती वाटायची, आणि ती नुसती चक्कर येण्याची नव्हती. फिरणाऱ्या डोक्याच्या बाईला गाडी कोण देणार? म्हणून त्या उशांना टेकून बसल्या बसल्या झोपायला लागल्या आणि मास्तरांना सांगितलं, हाडासाठी बरं असतं.

अखेर त्या एकट्याच कानाच्या डॉक्टरकडे गेल्या. चैत्रा नावाची ती मुलगी त्यांच्या ओळखीतली, तिच्या लग्नाचे हंडे यांचेच होते. तिने सांगितलं की कानाच्या आत बारीक खडे असतात, ते धक्क्याने जागचे हललेत, इतकंच. तिने पंकजाबाईंना पलंगावर आडवं केलं, डोकं धरून इकडे वळवलं, तिकडे वळवलं, मग कुशीवर केलं, मग उठवून बसवलं. खोली एकदा भन्नाट फिरली आणि हळूहळू थांबली. आणखी एकदा जावं लागलं. त्यानंतर सकाळी कुशीवर वळलं तरी पंखा पंख्याच्या जागी राहायला लागला. गाडी चालवू का, असं विचारल्यावर चैत्राने चार परीक्षा घेऊन चालवा म्हटलं. अंगप्रदक्षिणेचं विचारल्यावर ती म्हणाली, वर्षभर नाव काढू नका, हाड पुन्हा जाईल. पंकजाबाईंनी तिला बजावलं की चकरेचं मास्तरांच्या कानावर जाता कामा नये.

तमिळ मासी महिन्यात, म्हणजे आपल्या माघ-फाल्गुनात, लॉरी दुरुस्त झाली. दुरुस्त झालेली गाडी आधी देवाकडे जाते, तेव्हा अक्कांच्या सांगण्यावरून मेकॅनिक ती परस्पर चोळपुरम्‌ला घेऊन आला. पंकजाबाई आणि मास्तर रिक्षाने गेले. लॉरी नवा रंग लावून, कडुनिंबाच्या डहाळ्या बांधून देवळासमोर उभी होती. पुजाऱ्याने कापूर ओवाळला, कोहळा फोडला, चारही चाकांखाली लिंबं ठेवली. मेकॅनिकने पंकजाबाईंपुढे किल्ली धरली. त्यांचा हात पोचायच्या आत कल्याणरामांनी ती घेतली आणि मुठीत मिटली.

मेकॅनिक शहाणा होता. तो मागून आलेल्या आपल्या पोऱ्याच्या मोटरसायकलवर बसून निघून गेला.

"मी अम्मनास बोललों आहें," मास्तर म्हणाले. "पंकजा वांचली तर ती पुन्हां चाक धरणार नाहीं म्हणून."

अक्कांनी तोंडाला पदर लावला. त्यांना हे ठाऊक नव्हतं. पंकजाबाईंचं हसू अपघातापासून पहिल्यांदा पुरतं विझलं. राग असा आला की कानशिलं तापली.

"चाक माझें, हात माझे, आणि बोललांत तुम्ही? द्यायचें होतें तर आपलें कांहीं द्यायचें होतें."

मास्तरांनी मूठ उघडून किल्लीकडे पाहिलं. मग म्हणाले, "माझेकडे अम्मनास हवेंसें वाटावें असें काय होतें, पंकजा? घरांत सर्वांत मोठें म्हणून मज तुझें चाकच दिसलें."

 पंकजाबाईंचा राग होता तिथेच होता, पण त्याच्या शेजारी दुसरंच काहीतरी येऊन बसलं आणि दोघांना एकत्र ठेवणं अवघड झालं. त्या पायऱ्यांवर बसल्या.  आणि मग, व्यापारी बाप असलेल्या बाईने करावं तेच त्यांनी केलं. त्या पुजाऱ्याशी घासाघीस करायला उठल्या.

त्यांनी तमिळमध्ये त्याच्यापुढे सगळा मामला मांडला. यांनी माझं चाक कबूल केलं, यांनी माझं लोळणं कबूल केलं, आणि मला कुणीच विचारलं नव्हतं. डॉक्टर मला लोळू देत नाहीत. तर जो बोलला त्यानेच आपल्या अंगाने फेडलं तर अम्मन दोन्ही नवस सोडील का? पुजारी विचारात पडला. नवस बदलून घेणं तिथे नवं नव्हतं. लेकराचं जावळ कबूल करून शेवटी बापाने डोकं भादरल्याचं त्याने पाहिलं होतं. तो म्हणाला, अम्मनला चालेल, पण बदल्यात द्यायचं ते मूळच्यापेक्षा जड पाहिजे.

सगळ्यांनी आधी अक्कांकडे पाहिलं. अक्कांना नेमके तेव्हाच गुडघे आठवले. मग सगळ्यांनी मास्तरांकडे पाहिलं. बसमध्ये मळमळणारा, झोपाळ्यावर न बसणारा, साठी ओलांडलेला आणि पोट सुटलेला माणूस. याहून जड अम्मनला तरी काय मिळणार होतं? कल्याणरामांनी किल्ली अक्कांच्या हातात दिली, सदरा काढला, चष्मा काढला आणि विहिरीकडे चालू लागले. पंकजाबाई मागून म्हणाल्या की नको, राहू दे, मी पुढच्या वर्षी करीन. त्यांनी मान हलवून नाही म्हटलं आणि डोक्यावर बादली ओतून घेतली.

कमरेच्या ओल्या वेष्टीनिशी, म्हणजे तिकडच्या धोतरानिशी, ते दगडावर आडवे झाले, हात डोक्यावर जोडले आणि लोळले. पहिल्या तीन पलट्या झोकात गेल्या. मग दिशा गेली. लोळणाऱ्याला आपण कुठे चाललोय ते कळत नाही, म्हणून बरोबर कुणीतरी चालत त्याला सरळ ठेवावं लागतं. मास्तर पोटाच्या भाराने सारखे डावीकडे वळत होते. एकदा ते देवळासमोरच्या दगडी बलिपीठाकडे निघाले, एकदा सावलीत झोपलेल्या कुत्र्याकडे. कुत्रं उठून उभं राहिलं आणि अंगावर येणाऱ्या मास्तरांकडे नवलाने बघायला लागलं. पंकजाबाई धावल्या. उजव्या हाताने कमरेला धरून त्यांनी नवऱ्याला वळवलं.

"उजवें घ्या. आणीक थोडें. आतां सरळ. सरळ या, मी आहें."

कोपऱ्यावर त्यांनी त्यांना थांबवलं, पाय फिरवून घेतले आणि पुन्हा सोडलं. देवळाच्या मागच्या बाजूला ओहोळ होता, तो चुकवला. अक्का मागून अम्मनचं नाव घेत येत होत्या, देवळात आलेल्या बायका थांबून बघत होत्या, आणि पंकजाबाईंना पुन्हा हसू यायला लागलं होतं. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि त्या हसत होत्या. इतका मोठा माल त्यांनी आजवर कधी वाहिला नव्हता.

फेरा पूर्ण झाला. मास्तरांना उठवून खांबाला टेकवलं, तर ते खांबासकट एका बाजूला कलले. डोळे गरगर फिरत होते, तोंड पांढरं पडलं होतं. पंकजाबाईंनी दोन्ही तळव्यांत त्यांचं डोकं घट्ट धरलं.

"डोळे मिटूं नका. माझे कुंकवाकडे पाहा. एके ठायीं. आतां थांबेल."

थोड्या वेळाने थांबलं. मास्तरांनी विचारलं, "तुज हें कसें ठाऊक?"

खोटं बोलायला वेळ होता, पण त्यांना ते करवेना. "मज नित्य सकाळीं असेंच होत होतें," त्या म्हणाल्या. "चैत्रेने बरें केलें. आतां नाहीं होत."

"एकटीच होतीस?"

"तुम्हांस सांगितलें असतें तर तुम्ही चाक घेतलें असतांत."

कल्याणराम खांबाला धरून सरळ बसले. अंगाला धूळ, केसांत कडुनिंबाची पानं, कोपर खरचटलेलं. पलंगाच्या दुसऱ्या बाजूला आपण घोरत असताना ही कड धरून बसायची, हे ते मनात उभं करून बघत होते आणि ते त्यांना सोसत नव्हतं. मग त्यांनी अक्कांपुढे हात केला, किल्ली घेतली आणि बायकोच्या तळव्यावर ठेवली.

"चल," ते म्हणाले. "मज घरीं ने."

लॉरीत चढायला त्यांना दोघींनी ढकललं. पंकजाबाई फिरून आपल्या बाजूने चढल्या, पट्टा लावला, किल्ली फिरवली. इंजिन लागलं. आणि तिथे त्यांचा पाय क्लचवर गोठला. समोर सरळ, कोरडा, डांबरी रस्ता होता. पण त्यांना चाकाखालची माती सरकताना जाणवली, आभाळ पायाखाली येताना दिसलं.  एवढे दिवस त्यांनी किल्लीची वाट पाहिली होती, चक्कर लपवली होती, सगळ्यांना हसवलं होतं, आणि स्वतःला भीती वाटत असेल, हे मात्र त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. त्यांनी मास्तरांकडे पाहिलं. आता हे किल्ली परत मागतील, असं त्यांना वाटलं. आणि मागितली तर आपण देऊन टाकू, असंही वाटलं.

कल्याणराम दोन्ही हातांनी डॅशबोर्ड धरून बसले होते. त्यांना अजून एका रस्त्याचे दोन दिसत असावेत. त्यांनी रस्त्याकडे डोळे बारीक करून पाहिलं.

"डावीकडे कोणी नाहीं," ते म्हणाले. "थोडें उजवें घे. आतां सरळ. मी आहें."

पंकजाबाईंनी क्लच सोडला.